लुटुपुटूचा खेळ: मोठ्यांनी काय द्यावं, कधी शिरावं, कधी निघावं

मूल हातातला ठोकळा कानाला लावून कुणाशी तरी बोलत असतं. शेजारी बसलेला मोठा माणूस कौतुकानं विचारतो, "कुठल्या रंगाचा ठोकळा आहे तो?" प्रश्न साधा, हेतू चांगला. पण फोन तिथेच कट होतो. मुलाच्या हातात पुन्हा नुसता लाल ठोकळा उरतो आणि खेळाच्या जागी तोंडी परीक्षा सुरू होते.

भातुकली, डॉक्टर-डॉक्टर, शाळा-शाळा, दुकान-दुकान या सगळ्या लुटुपुटूच्या खेळांचं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं. दुर्लक्षानं कमी, भलत्या वेळी केलेल्या मदतीनं जास्त. हा खेळ मुलाच्या मालकीचा असतो. मोठ्यांनी वेळ, जागा आणि थोडंसं सामान द्यावं, बोलावणं आलं तर आत जावं आणि काम झालं की निघावं. ऐकायला सोपं, करायला अवघड. म्हणून ते टप्प्याटप्प्यानं मांडलं आहे. मुख्य विचार १ ते ७ वर्षांच्या मुलांचा आहे.

या खेळात घडतं काय

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगोत्स्की यांनी १९३३ मध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी काठीच्या घोड्याचं उदाहरण घेतलं. अगदी लहान मुलासाठी काठी ही काठीच असते. थोडं मोठं मूल मात्र तिच्यावर स्वार होऊन दौडतं, म्हणजे 'घोडा' हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवून घेतं आणि काठीला देतं. समोर वस्तू एक आणि मनात अर्थ दुसरा, हे एकाच वेळी सांभाळणं पुढे अक्षर, आकडा, नकाशा समजण्यासाठी लागतंच.

पालकांच्या जास्त उपयोगाचा मुद्दा वेगळा आहे. भूमिकेला नियम असतात. पहारेकरी जागा सोडून पळत नाही, डॉक्टर पेशंटला ढकलत नाही. त्यामुळे एरवी न जमणारा संयम भूमिकेत जमतो. मनुइलेन्को या संशोधिकेनं १९४८ मध्ये हे मोजून पाहिलं. मुलांना 'न हलता उभं राहा' असं सांगितल्यावर ती जेवढा वेळ उभी राहिली, त्यापेक्षा पहारेकरी झाल्यावर जास्त वेळ स्थिर राहिली. २०१७ मध्ये ४ आणि ६ वर्षांच्या १८० मुलांवर असाच एक प्रयोग झाला. १० मिनिटांचं कंटाळवाणं काम आणि शेजारी खुणावणारा व्हिडिओ गेम अशी रचना होती. आवडत्या नायकाचा वेश चढवून 'आपण तोच आहोत' असं मानणारी मुलं कामाला सगळ्यांत जास्त वेळ चिकटून राहिली.

तिसरी गोष्ट तर्काची. मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी लहान मुलांसोबत खोटा खोटा चहा मांडला. दोन रिकामे कप 'भरले', मग त्यातला एक उपडा केला आणि विचारलं, "रिकामा कप कुठला?" खरं तर दोन्ही रिकामे, पण दोन-अडीच वर्षांची मुलं उपड्या केलेल्या कपाकडेच बोट दाखवतात. न सांडलेला चहा कुठे आहे आणि सांडलेला कुठे गेला, याचा हिशेब ती मनात ठेवतात. "काहीतरी बडबडतंय" असं म्हणून आपण ज्याकडे पाठ फिरवतो, त्याच्या आत एवढी शिस्त असते.

तरीही एक इशारा द्यायला हवा. अँजलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्या वेळेपर्यंतच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. या खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणून हुशार होण्यासाठी मुलाला खेळायला बसवू नका. खेळ हा बालकाचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं ३१ वं कलम सांगतं. मुलाचा आनंद, त्याची भीती आणि राग व्यक्त होण्याची वाट, दुसऱ्यांशी जुळवून घेण्याचा सराव, एवढी कारणं पुरेशी आहेत.

आधी पाहा, मूल कुठे पोचलंय

वयाचे आकडे ढोबळ धरा. चार-सहा महिने इकडेतिकडे होतातच.

१२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान मूल स्वतःपुरतं सोंग करतं. रिकाम्या कपातून पितं, डोळे मिटून झोपल्यासारखं करतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या मुलीची अशी नोंद ठेवली आहे. सव्वा वर्षाची असताना तिला एक झालरीचं कापड दिसलं. त्याची कड तिच्या उशीच्या कडेसारखी होती. तिनं ते मुठीत धरलं, अंगठा तोंडात घातला, कुशीवर आडवी झाली आणि खळखळून हसली. हे हसू बघायला शिका. 'ही खरी झोप नाही, हे मला ठाऊक आहे' असं ते सांगतं.

दीड ते दोन वर्षांत सोंग दुसऱ्याकडे वळतं: बाहुलीला भरवणं, तिला थोपटणं. दोन वर्षांच्या पुढे बाहुली स्वतः कामाला लागते. मूल कप तिच्या तोंडाला नाही, तिच्या हातात देतं. कृतींची साखळीही लांबते: शिजवलं, वाढलं, भरवलं, तोंड पुसलं. अडीचच्या आसपास एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू सहज चालू लागते. तिसऱ्या वर्षी भूमिका येतात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी दोघं-तिघं मिळून एकच गोष्ट चालवतात.

घरी करून पाहण्यासारखी एक गंमत आहे. मुलाला म्हणा, "ब्रश नाहीये, पण दात घासून दाखव." तीन-चार वर्षांची मुलं बहुधा बोटालाच ब्रश करतात आणि ते दातांवर घासतात. मोठी मुलं मूठ अशी धरतात की हातात न दिसणारा ब्रश आहे, आणि मुठीपासून दातांपर्यंत ब्रशच्या लांबीएवढी जागा सोडतात. १९७० च्या दशकात हा फरक संशोधनातही नोंदवला गेला. मुलाला कितपत खऱ्यासारखं सामान द्यायचं, याचा अंदाज यावरून येतो.

पायरी १: वेळ सलग हवा

तीन वर्षांपुढच्या मुलाला दिवसातून एकदा तरी ४५ मिनिटं ते तासभर सलग मिळायला हवेत. कोण कोण होणार, घर कुठे, दार कुठलं, यातच पहिली १५-२० मिनिटं जातात. गोष्ट त्यानंतर रंगते. ज्या घरात मुलाला दर २० मिनिटांनी उठवलं जातं, तिथे मूल कायम मांडामांड करत राहतं, खेळ पुढे सरकतच नाही. मग पालकांना वाटतं, "हा नुसता पसारा करतो, खेळत काहीच नाही." दोन वर्षांच्या मुलाला मात्र १०-१५ मिनिटांचे छोटे तुकडे पुरतात, तेही कुणीतरी हाकेच्या अंतरावर असेल तर.

थांबवायची वेळ आली की ५ मिनिटं आधी सांगा, आणि खेळाच्या भाषेत सांगा: "ड्रायव्हर, आणखी दोन थांबे घ्या, मग बस डेपोत." मांडलेलं मोडायला लावू नका. रात्रभर ते तसंच राहू शकत असेल तर राहू द्या. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा त्याच गोष्टीकडे वळतं आणि खेळाला मुळं धरतात.

पायरी २: जागा

फार विचार करू नका. टेबलाखालची जागा, कपाट आणि पलंग यांच्यामधली फट, चादर टाकलेल्या दोन खुर्च्या. तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडा असा कोपरा मुलांना आवडतो. तुम्ही दिसत राहता आणि तरी ती 'घरात' असतात. चादर चिमट्यांनी अडकवा, दोरीनं बांधू नका. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर चादर ओढली की ती अंगावर येते.

पायरी ३: सामान थोडं, मोकळं आणि सुरक्षित

२०१८ च्या एका अभ्यासात लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली. चार असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून एका वेळी ८-१० प्रकारच्या वस्तू बाहेर, बाकी पेटीत. साधारण दोन आठवड्यांनी अदलाबदल करा, पण एखादी गोष्ट ऐन रंगात असेल तर त्यातलं काहीही हलवू नका.

सुरुवातीला एवढं पुरतं: मूल आत बसू शकेल असं एक पुठ्ठ्याचं खोकं, एक चादर, साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे रंगीत कापडाचे दोन-तीन तुकडे, दोन बाहुल्या किंवा कापडी प्राणी, झाकणांचे तीन-चार डबे, पळी आणि वाट्या, २०-३० लाकडी ठोकळे, खांद्याला लावायची एक पिशवी, कोरे कागद आणि पेन्सिल. कागद-पेन्सिल लोक विसरतात. तिकीट, बिल, औषधाची चिठ्ठी, 'दुकान बंद' ची पाटी यांतून लिहिण्याची गरज खेळातच तयार होते. रेघोट्या मारल्या तरी ते तिकीटच. त्यावर अक्षर सुधारून देऊ नका.

अडीच वर्षांच्या आतल्या मुलाला खऱ्यासारखं दिसणारं सामान लागतं. कपाच्या जागी कपच हवा, कारण कपाच्या जागी शिंपला मनात बसवणं त्याला जड जातं. तिसऱ्या वर्षानंतर प्रमाण बदला, साडेतीन-चारला निम्म्याहून जास्त सामान 'कशाचंही काहीही होईल' असं असू द्या. उलट क्रम लागला तर काय होतं ते सहज दिसतं. दोन वर्षांच्या मुलासमोर नुसते ठोकळे टाकले की ते फेकतं. पाच वर्षांच्या मुलाला सगळं काही असलेला प्लॅस्टिकचा स्वयंपाकघर-संच दिला की दोन दिवसांत तो कोपऱ्यात जातो, कारण त्यात मुलानं करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

बॅटरीवर बोलणारी, गाणारी खेळणी या खेळाला मारक आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे. बाहुलीचं बोलणं मुलानं रचायचं असतं, ते बाहुलीनंच बोलून टाकलं तर मुलाच्या वाट्याला फक्त बटण येतं. २०१६ मध्ये १० ते १६ महिन्यांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, अशी खेळणी समोर असताना पालकही मुलाशी कमी बोलतात असं आढळलं.

सुरक्षेचे नियम मात्र कडक ठेवा. तीन वर्षांच्या आत साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान कुठलीही वस्तू नको. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार पडतं ते घशात अडकू शकतं, असं धरून चाला. गळ्यात येईल अशी दोरी, पट्टा, लांब ओढणी नको. जुना फोन किंवा रिमोट द्यायचा तर सेल काढून द्या. बटणासारखा चपटा सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. डॉक्टरच्या पेटीत खऱ्या औषधांच्या बाटल्या, अगदी रिकाम्यासुद्धा, ठेवू नका. खेळातली बाटली आणि कपाटातली बाटली मुलाला सारखीच दिसते.

पायरी ४: शिरण्याआधी पाच मिनिटं बघा

मुलाच्या उंचीला येऊन बसा, जरा बाजूला. फोन दूर ठेवा. तीन गोष्टी मनात टिपा: कोण कोण आहे, सध्या काय चाललंय, अडचण काय आहे. खेळ सुरळीत चालला असेल तर तुमची गरज नाही, उठून जा. मूल तुमच्या हातात काहीतरी देईल, नाव घेऊन हाक मारेल, किंवा तीच कृती कंटाळल्यासारखी पुन्हा पुन्हा करत राहील, तेव्हा आत यायला हरकत नाही.

पायरी ५: लहान भूमिका घ्या

गिऱ्हाईक व्हा, पेशंट व्हा, प्रवासी व्हा, वर्गातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी व्हा. ज्याला मदत लागते अशी भूमिका घेतली की सूत्रं मुलाकडे राहतात. दुकानाचे मालक तुम्ही झालात की ती तुमच्याकडे येतात.

समजा, मूल चमचा घेऊन तुमचा गुडघा तपासतंय. नेहमीची चूक अशी: "चमच्यानं तपासतात का? डॉक्टर कानात काय घालतात, सांग बघू?" त्याऐवजी असं बोलून पाहा:

"डॉक्टर, गुडघा रात्री फार दुखतो हो. उद्या चालता येईल का मला?"

"नाही. तुम्ही झोपून राहायचं. शंभर दिवस."

"शंभर दिवस! मग माझ्या मांजरीला दूध कोण देणार?"

इथे मूल थबकतं. कदाचित मांजरीलाही दवाखान्यात दाखल करून घेईल, कदाचित औषध बदलेल. या तीन वाक्यांत तुम्ही चमचा मान्य केलात, शंभर दिवस मान्य केलेत आणि गोष्टीच्या आतलीच एक अडचण पुढे केलीत. उत्तर दिलं नाहीत. एक अडचण टाकली की मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक मोठी माणसं तीनपर्यंत पोचायच्या आतच "मी सांगू का?" म्हणतात. आणि मुलाचं "तुम्ही झोपून राहायचं" ऐकलंत ना? एरवी आईला 'तू' म्हणणारं मूल डॉक्टर झाल्यावर तिलाच 'तुम्ही' म्हणतं. कोण कुणाशी कसं बोलतं याचा हा सराव कुठल्याही पाठापेक्षा पक्का होतो.

मुलानं तुमची कल्पना नाकारली तर सोडून द्या. "नाही, मांजर नाहीये तुमच्याकडे" असं ते म्हणालं तर नाहीये. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त नव्या कल्पना टाकू नका. रंग ओळखणं, मोजणं, स्पेलिंग हे सगळं दिवसाच्या दुसऱ्या वेळेला.

जे मूल अजिबात सुरुवात करत नाही, त्याला "खेळ ना" म्हणून काही होत नाही. त्याच्या शेजारी बसून, त्याच्याकडे न बघता, तुम्हीच सुरू करा. बाहुलीला झोपवा, "श्श, आत्ता झोपलीये" असं पुटपुटा, एवढंच. रोज ५-१० मिनिटं असं केलंत तर बरीच मुलं काही दिवसांत हात पुढे करतात. कृती मात्र मुलाच्या ओळखीची हवी: जेवण, अंघोळ, झोप, बाहेर जाणं. अंतराळवीर नंतर.

पायरी ६: निघायचं कसं

खेळ पुन्हा चालू लागला की निघा. साधारण ५ ते १० मिनिटांत. भूमिकेतूनच निघालात तर खेळ मोडत नाही: "माझा थांबा आला, उतरतो," "बरं वाटलं डॉक्टर, पुढच्या आठवड्यात येते." मधूनच उठून "चला, मला कामं आहेत" म्हटलं की मूलही उठतं. तुमच्यावाचून खेळ पुढे चालला नाही तर पुढच्या वेळी आणखी लहान भूमिका घ्या.

दोन-चार मुलं एकत्र असतील तेव्हा

मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं १९३२ मध्ये मुलांच्या एकत्र खेळण्याचे प्रकार नोंदवले: एकट्यानं खेळणं, नुसतं बघत उभं राहणं, शेजारी शेजारी पण आपापलं खेळणं, सामान घेत-देत खेळणं, आणि सगळ्यांनी मिळून एक खेळ चालवणं. दोन वर्षांची दोन मुलं शेजारी बसून वेगवेगळं शिजवत असतील तर "एकत्र खेळा" असा आग्रह धरू नका. त्या वयात तोच त्यांचा सहवास असतो. त्यांना एकाच्या जागी दोन पळ्या द्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मोठ्या मुलांत 'मी आई होणार' यावरून वाद होणारच. खेळापेक्षा वाटाघाटींना जास्त वेळ जातो, आणि तो वाया गेलेला नसतो. दुसऱ्याला काय हवंय ते ऐकायचं, आपलं पटवायचं, थोडं सोडायचं, हे सगळं मुलं तिथेच शिकतात. मारामारी किंवा कुणाला सतत बाहेर ठेवणं नसेल तर दोन-तीन मिनिटं थांबा. मग न्याय देऊ नका, माहिती द्या: "दोघींना आई व्हायचंय. एका घरात दोन मोठ्या बायका असतात का कधी?" मावशी, आजी, शेजारीण हे मार्ग मुलांना चटकन सुचतात.

नवं मूल येऊन "मी पण खेळू?" असं विचारतं तेव्हा "नाही" येण्याची शक्यता मोठी असते. ऐन रंगलेला खेळ मोडेल अशी आतल्यांना भीती असते, त्यात दुष्टपणा नसतो. बाहेरच्या मुलाला तीन गोष्टी शिकवा: आधी बघ काय चाललंय, मग शेजारी तसंच काहीतरी सुरू कर, मग त्यांना लागेल असं काम घेऊन जा. आग लागलेली असेल तर पाणी घेऊन आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. लहान भावंड लिंबूटिंबू म्हणून घेतलं गेलं तर त्याला नुसतं 'बाळ' करून झोपवून ठेवलं जातं आणि ते पाच मिनिटांत रडतं. त्याला हालचालीचं एक काम मिळवून द्या, तिकिटं गोळा करणं वगैरे.

मारामारी, मरण, भीती

राक्षस, चोर-पोलीस, 'तू मेलास' यांनी पालक अस्वस्थ होतात. सरसकट बंदी घातली की हे खेळ पाठीमागे चालू राहतात, थांबत नाहीत. नियम तीनच ठेवा: कुणाला खरं लागणार नाही, सगळ्यांना खेळायचंय, आणि कुणीही 'टाइम प्लीज' म्हटलं की तत्क्षणी थांबायचं. खेळातली झटापट ओळखता येते. चेहरे हसरे असतात, पकडणारा आणि पळणारा आलटून पालटून होतात, बलवान मूल मुद्दाम कमी जोर लावतं, आणि संपल्यावर सगळी एकत्रच राहतात. भुवया आवळलेल्या, एकच मूल सतत खाली, आणि संपताच कुणीतरी निघून जातं, तर तो खेळ नव्हे, लगेच मध्ये पडा. पाठलागच पाठलाग चालला असेल तर गोष्टीला फाटा द्या: "राक्षस राहतो कुठे? जखमींना कोण नेणार?"

मुलांना खरं-खोटं कळतं, पण कळूनही भीती वाटते. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ४ आणि ६ वर्षांच्या मुलांना रिकाम्या खोक्यात राक्षस आहे अशी कल्पना करायला सांगितलं. राक्षस खोटा आहे हे मुलं सांगत होती, तरी त्यांच्यापैकी काहींना खोक्यासोबत एकटं राहायचं नव्हतं. तेव्हा "खोटंच तर आहे, घाबरतोस काय?" हे वाक्य निरुपयोगी आहे. दिवा लावा, मुखवटा काढून मुलाच्या हातात द्या, त्याला राक्षस होऊ द्या आणि तुम्ही घाबरा. तीन वर्षांच्या आतल्या मुलासमोर मुखवटा घालायचा तर त्याच्या डोळ्यांदेखत घाला.

इंजेक्शन, दाताचा डॉक्टर, भावंडाचा जन्म यांची तयारी खेळातून चांगली होते. लहान मुलाबरोबर एक-दोन दिवस आधी, मोठ्याबरोबर तीन-चार दिवस आधी खेळा. पहिल्या फेरीत मूल डॉक्टर आणि बाहुली पेशंट, दुसऱ्या फेरीत तुम्ही पेशंट. मुलाला पेशंट करायचं ते त्यानं म्हटलं तरच. क्रम खरा ठेवा: थांबणं, आत जाणं, बाही वर, कापसाचा गार स्पर्श, टोचणं, पट्टी, घरी. "दुखणार नाही" असं खेळातही म्हणू नका. "टोचेल, थोडं दुखेल, आणि मी हात धरून असेन" असं म्हणा.

काल्पनिक मित्र

याची काळजी करणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा: मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात सात वर्षांपर्यंत ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. त्यात अंगात जीव ओतलेले बाहुली-प्राणीही धरले होते. एकटेपणाची किंवा आजाराची ती खूण नव्हे. मुलानं त्याच्यासाठी खुर्ची मागितली तर द्या. पण त्याच्या तोंडून तुम्ही बोलू नका, आणि "तुझा मित्र बघ कसं पटापट जेवतो" असं म्हणून त्याला शिस्तीच्या कामाला लावू नका. दूध त्यानं सांडलं असं मूल म्हणालं तर चौकशी नको. "बरं, दोघं मिळून पुसून टाका" एवढं पुरे.

कधी मदत घ्यावी

एखादं भयंकर प्रसंगाचं नाटक मूल पुन्हा पुन्हा, अगदी त्याच क्रमानं, चेहऱ्यावर आनंद नसताना करत असेल, शेवट कधीच बदलत नसेल आणि खेळून झाल्यावर आणखी बेचैन होत असेल, तर तो खेळ मुलाला मोकळं करत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत शाळेच्या बसमधून पळवून नेलेल्या २६ मुलांपैकी बहुतेकांचा अभ्यास करताना मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी असे खेळ पाहिले होते. अशा वेळी बालमानसतज्ज्ञाला भेटा. साधी पुनरावृत्ती मात्र चिंतेची नाही. तेच दुकान महिनाभर चाललं, पण गिऱ्हाईक बदलतंय आणि हसू आहे, तर ठीक आहे.

अडीच वर्षांपर्यंत लुटुपुटूचं काहीच दिसत नसेल, आणि त्याच्या जोडीनं मूल बोटानं दाखवत नसेल, नावाला प्रतिसाद देत नसेल, नजर मिळवत नसेल किंवा शब्द फार कमी असतील, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा, ऐकण्याची तपासणीही करून घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता तपासणारी २० प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते, तिच्यात लुटुपुटूच्या खेळावरही प्रश्न असतो. ते निदान नसतं, पुढची तपासणी हवी का एवढंच त्यातून ठरतं. गाड्यांची रांग लावणाऱ्या स्वमग्न मुलाची रांग मोडू नका. तुमची एक गाडी शेवटी लावा, "पीं पीं, वाट द्या" म्हणा आणि थांबा.

तपासणीला जाताना मूल घरी खेळत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे दोन व्हिडिओ सोबत न्या, एक मूल एकटं असतानाचा आणि एक तुम्ही शेजारी असतानाचा. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर मुलं बहुतेक वेळा खेळतच नाहीत, आणि तज्ज्ञांना घरातलं खेळणं दिसलं तर बोलणं नेमक्या मुद्द्यावर येतं.